पाळकसाहेब उपाशी नव्हते

‘केवढा तुकडा?’ मी विचारलं.

‘नखाएवढा,’ पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी करंगळीचं नख पुढं केलं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर ते खाटेवर बसले होते. अंगात हॉस्पिटलचा हिरवा गाऊन, डोक्याला कागदी टोपी. हे गाऊन पाठीमागं उघडे असतात, नाडीनं बांधायचे. साहेबांच्या गाऊनची नाडी तुटली होती, म्हणून त्यांनी एक हात सतत पाठीमागं धरून ठेवला होता. आमच्या चर्चच्या याच माणसानं मला संडे स्कूलमध्ये शिकवलं, दृढीकरण करून चर्चची पूर्ण सभासद केलं, माझं लग्न लावलं. आजवर मी त्यांना पांढऱ्या झग्यात बघितलं होतं. तो झगा सगळीकडून बंद असतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. सोलापुरात जिथून फोन येईल तिथं मी बॅग घेऊन जाते, भूल देते, पेशंट नीट जागा झाला की पुढच्या हॉस्पिटलात. लोकांना वाटतं, आम्ही एक इंजेक्शन देतो आणि मग मोबाईल बघत बसतो. तसं नाही. ऑपरेशनमध्ये सर्जन कापतो, आणि एक माणूस पूर्ण वेळ काळजी करत बसतो. तो माणूस मी. नाडी, बीपी, श्वास, सगळ्याची काळजी. वीस-बावीस वर्षं हेच केल्यावर ती सवय घरीही येते. दूध गॅसवर ठेवलं तरी मी त्याच्या नाडीवर लक्ष ठेवते, असं माझे मिस्टर म्हणतात.

भूल देण्याआधी पहिला प्रश्न ठरलेला. काय खाल्लं, कधी खाल्लं? पोट भरलेलं असताना भूल दिली, तर खाल्लेलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. त्यातून माणूस दगावतो. म्हणून निदान सहा तास उपाशी. यात भीड नाही, ओळख नाही.

साहेब म्हणाले होते, ‘काही नाही खाल्लं.’ मग थांबून म्हणाले, ‘म्हणजे, सकाळी प्रभुभोजन तेवढं घेतलं.’

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला स्लाइस ब्रेड आणतात. कडा काढून त्याचे बारीक चौकोन करतात. एक चौकोन ब्रेड आणि घोटभर द्राक्षाचा रस. ऑपरेशनआधी ते घ्यावं असं वाटणं साहजिक होतं. एका चौकोनानं मी ऑपरेशन थांबवलं नसतं. थोडा उशीर केला असता, बस.

‘मग ठीक आहे,’ मी म्हणाले.

‘आणि उरलेलं?’ पाळकीणबाई म्हणाल्या.

त्या खाटेशेजारी स्टुलावर बसून मोजे विणत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पाळकसाहेब छताकडं बघायला लागले.

‘उरलेलं म्हणजे?’ मी विचारलं.

झालं होतं ते असं. साहेबांचं ऑपरेशन म्हणून बरीच मंडळी भक्तीला हॉस्पिटलात येणार होती. सेक्रेटरी साळवेसरांनी चाळीस जणांच्या हिशेबानं ब्रेड कापून आणला. खालच्या वॉचमननं चौघांना वर सोडलं. बाकीच्यांनी पार्किंगमध्ये दोन गीतं म्हटली आणि ती घरी गेली. चौघांनी प्रभुभोजन घेतलं, तेवढ्यात सिस्टरनं त्यांनाही बाहेर काढलं. पाळकीणबाई पिशवी आणायला गेल्या होत्या. साहेब खोलीत एकटे राहिले. पुढ्यात ताट. आमच्यात हा ब्रेड आशीर्वाद दिल्यावर टाकायचा नसतो. फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी चहाबरोबर खायचाही नसतो. जे उरेल ते पाळकानं तिथंच संपवायचं, असा नियम आहे.

‘साहेब, तुम्ही छत्तीस माणसांचं संपवलं?’

‘कडा काढलेल्या होत्या,’ ते म्हणाले.

त्यांच्या बोटाला लावलेलं नाडीचं यंत्र टुकटुक करत होतं. शेजारच्या गल्लीत पॉवरलूम चालू होते. साहेबांचं यंत्र त्या लूमच्याही पुढं धावत होतं.

इथं साहेबांची थोडी मागची हकिकत सांगायला हवी. त्यांना हर्निया होता. पोटाच्या आतल्या भिंतीला एका जागी सैलपणा येतो आणि आतडं तिथून बाहेर डोकावतं, जुन्या टायरमधून ट्यूब डोकावते तसं. दुखत नाही तोवर माणूस दुर्लक्ष करतो. पण बाहेर आलेलं आतडं कधी तिथंच अडकलं, तर त्याचा रक्तपुरवठा बंद होतो आणि ते सडतं. साहेबांचं गेल्या नाताळच्या गीतांच्या प्रॅक्टिसमध्ये एकदा अडकलं होतं. सर्जन डॉक्टर बिराजदारांनी ते हातानं कसंबसं आत ढकललं आणि बजावलं, ‘पुढच्या वेळी हे माझ्या हातानं जाणार नाही. तुम्ही जाल.’

त्यावर साहेब म्हणाले, उपवासकाळ होऊ दे. मग म्हणाले, पुनरुत्थानाचा सण होऊ दे. मग सुट्टीतलं संडे स्कूल, मग कापणीचा सण. चर्चच्या कॅलेंडरमध्ये इतके सण आहेत हे मला तेव्हा कळलं. एकदा तर अ‍ॅडमिट होऊनही ते सही न करता निघून गेले होते, कुणाच्या तरी बारशाचं निमित्त काढून. या वेळी पाळकीणबाईंनी त्यांना हाताला धरून आणलं होतं. बिराजदार दुसऱ्या दिवसापासून मोठ्या सुट्टीवर जाणार होते. आज ऑपरेशन झालं नाही, तर साहेब परत येणार नाहीत आणि आतडं पुन्हा अडकेल तेव्हा वेळ मिळेलच असं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

आणि गंमत अशी की उद्याची काळजी करू नये, हाच या माणसाचा आवडता विषय. दर दोन-तीन रविवारी तो उपदेशात यायचाच. त्यांचं एक वाक्य आमच्या चर्चमधल्या पोरासोरांनाही पाठ आहे. ‘गाडी चालवणारा ओळखीचा आहे. तुम्ही मागं बसा आणि शेंगा खा.’ नोकरी गेलेल्याला हेच. परीक्षेला निघालेल्याला हेच. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा मलाही हेच. मला तेव्हा राग आला होता. आता त्यांची नाडी ऐकून मला जरा हसू येत होतं, आणि हसू येतंय म्हणून वाईटही वाटत होतं.

बिराजदारांना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते हात धुवायच्या तयारीत होते.

‘स्पायनलमध्ये नाही का करता येणार?’ त्यांनी विचारलं.

स्पायनल म्हणजे पाठीच्या कण्यात बारीक सुईनं औषध सोडायचं. कमरेखालचं अंग बधिर होतं आणि माणूस जागाच राहतो. हर्नियाला आम्ही तेच देतो. पण क्वचित ती पुरत नाही आणि ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘तेव्हा तो ब्रेड माझ्या हातात येईल.’

‘साकु,’ बिराजदार म्हणाले. म्हणजे पुरे. वैतागले की ते कन्नडवर येतात. ‘दुपारी घेऊ त्यांना. दुसऱ्या नंबरचा पेशंट आधी घ्या.’

दुसऱ्या नंबरचे पेशंट शेजारच्याच खाटेवर होते. म्हाळाप्पामामा, मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका गावचे, मेंढपाळ. त्यांनाही हर्नियाच. ते मात्र पक्के उपाशी होते. पाणीसुद्धा प्यायले नव्हते. पायाशी त्यांची बायको नागूबाई बसली होती, मांडीवर घोंगडी.

‘मामा, चला. तुमचा नंबर आधी लागला,’ मी म्हणाले.

‘न्हाई जमायचं,’ नागूबाई म्हणाली.

‘का?’

‘कौल न्हाई.’

आमच्या भागात कुठलंही मोठं काम करायचं तर देवाला कौल लावतात. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारून बसायचं. उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. या जोडप्यानं येण्याआधी तो लावला होता. हॉस्पिटलनं त्यांना फोनवर सांगितलं होतं, तुमचा दुसरा नंबर. म्हणून त्यांनी देवाला नीट, नंबरासकट विचारलं.

‘ऑपरेशन करावं का म्हनून इचारलं,’ नागूबाई सांगत होती, ‘तर फूल जागचं हलंना. मग म्हनलं, पयला मानूस सुखरूप भायेर आला की मग जावं का? तर उजवं पडलं, लगीच.’

‘मावशी, ऑपरेशन दोघांचं सारखंच आहे,’ बिराजदार म्हणाले. ‘आधी काय आणि नंतर काय.’

‘मग नंतरच करा की,’ नागूबाई म्हणाली.

आता बघा. पहिला जाऊ शकत नव्हता, कारण त्यानं देवाचं उरलेलं खाल्लं होतं. दुसरा जाणार नव्हता, कारण पहिला गेला नव्हता. थिएटर तयार, सर्जन तयार, मी तयार. आणि दोन माणसं दोन खाटांवर आपापल्या देवांना घेऊन बसली होती. बिराजदारांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू हे सगळं भुलीच्या खात्यात येतं.

‘मग आज राहू द्या,’ पाळकसाहेब म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी पाय खाली सोडले आणि ते पायानं चपला चाचपायला लागले.

‘चपला मी गाडीच्या डिकीत टाकल्यात,’ पाळकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या सुया चालूच होत्या.

साहेबांनी पाय वर घेतले. मग म्हाळाप्पामामांनी कूस वळवून साहेबांना विचारलं, ‘तुमी देवाचं मानूस म्हनं?’

‘हो. चर्चचा पाळक आहे. म्हणजे एका परीनं मेंढपाळच, माणसांचा.’

‘किती हायती?’

‘दीडशे कुटुंबं.’

‘लोकर निगती?’

‘नाही,’ साहेब म्हणाले. ‘उलट चहा द्यावा लागतो.’

मामांना हे पटल्यासारखं दिसलं. मग त्यांनी खरा प्रश्न काढला. ‘तुमचा कौल काय आला?’

‘आमच्यात कौल लावत नाहीत.’

‘मग कळतं कसं, नीट हुईल का न्हाई?’

साहेब बोलायला लागले आणि थांबले. मला त्यांची उपदेशातली सगळी उत्तरं पाठ होती. मी वाट बघत होते, आता शेंगा येणार. पण ते म्हणाले, ‘कळत नाही.’

‘आदी कायच कळत न्हाई?’

‘नाही.’

‘आन् तरीबी जाता?’

‘जायचं असतं.’

‘लई धाडसाचं काम हाय की तुमच्यात,’ मामा म्हणाले. ‘मग भ्या वाटत न्हाई?’

साहेबांनी पाळकीणबाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दारातून डोकावणाऱ्या साळवेसरांकडंही बघितलं. मग म्हणाले, ‘फार वाटतं. मी सात महिने पळतोय.’

पाळकीणबाईंच्या सुया थांबल्या.

‘मला बी वाटतं,’ मामा म्हणाले. ‘लांडग्याचं न्हाई वाटत. ह्या सुईचं वाटतं.’

‘मला त्या दाराचं वाटतं,’ साहेब म्हणाले. ‘आत काय असतं ते दिसत नाही ना.’

‘मग जीव निवांत ठिवायचा कसा? तुमच्यात काय करत्यात?’

‘आमच्यात…’ साहेब म्हणाले, आणि उपदेशाच्या आवाजात नाही, तर दुकानात भाव विचारतात तितक्या साध्या आवाजात म्हणाले, ‘पुढं काय आहे ते माहीत नसतं. बरोबर कोण आहे ते माहीत असतं. त्यावर निवांत राहायचं असतं.’

‘ऱ्हाता का?’

‘आज सकाळपासून नाही राहिलो,’ साहेब म्हणाले. ‘ब्रेड खात राहिलो.’

मामा हसले. हसल्यावर त्यांना हर्निया दुखला, म्हणून त्यांनी तिथं हात धरला. त्यांना बघून साहेबही हसले आणि त्यांनीही तिथंच हात धरला. दोन म्हातारे शेजारी शेजारी एकाच जागी हात धरून हसत होते. साहेबांचा गाऊनवरचा हात त्यात सुटला होता, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग ते एकदम म्हणाले, ‘बेबी, मी एकदा आत जाऊन येऊ का?’

मी रूथ आहे, डॉक्टर आहे, माझी मुलगी कॉलेजात आहे. पण साहेबांसाठी मी बेबीच.

‘आत जाऊन काय करणार?’

‘टेबलावर झोपतो आणि परत येतो. पहिला माणूस आत गेला, सुखरूप बाहेर आला. यांचं काम होईल.’ मग ते नागूबाईकडं वळले. ‘चालेल का, मावशी?’

नागूबाईनं विचार केला. चांगला वेळ घेऊन केला. बिराजदार घड्याळाकडं बघत होते, पण तिला त्याचं काही नव्हतं.

‘देवानं भायेर यायचं तेवढं सांगितलंय,’ ती शेवटी म्हणाली. ‘आत जाऊन काय करायचं ते काय सांगितलं न्हाई. चालंल.’

आता साळवेसर पुढं आले. रिटायर्ड हेडक्लार्क. गेली अनेक वर्षं चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. ते साहेबांच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘साहेब, हे आपल्यात बसतं का? दुसऱ्यांचा कौल आपण पुरा करायचा? मी मिनिट्समध्ये काय लिहू?’

‘लिहा,’ साहेब म्हणाले, ‘एक माणूस भ्याला होता, पाळक त्याच्या पुढं चालून गेला.’

आणि ते उठले. अनवाणी. हात पाठीमागं.

थिएटरमध्ये असं कुणाला उगाच फिरायला सोडत नाहीत. सिस्टरनं बिराजदारांकडं बघितलं. बिराजदार म्हणाले, ‘सोडा हो. नाहीतरी झगा घातलाच आहे.’ सिस्टरनं साहेबांना थिएटरच्या स्लिपर आणि मास्क दिला. मी दार उघडून धरलं. उंबऱ्याशी साहेब थांबले. त्या एका क्षणी मला वाटलं, हे वळणार. जिन्याकडं बघताना मी त्यांना बघितलं. मग त्यांचे ओठ हलले, अगदी थोडे, आणि ते आत गेले.

ऑपरेशनचं टेबल अरुंद असतं. लोकांना आधी तेच खटकतं. साहेब त्यावर चढले, आडवे झाले, त्यांनी डोळे मिटले. आम्ही उभे राहिलो. एसीचा आवाज येत होता. ते बोलेनात, हलेनात.

‘झोपले काय?’ बिराजदार माझ्या कानात म्हणाले.

मीही जरा घाबरले. सवयीनं हात त्यांच्या मनगटाकडं गेला. नाडी होती. चांगली होती. सकाळच्या मानानं फारच चांगली होती.

साहेबांनी डोळे उघडले आणि वरच्या मोठ्या दिव्याकडं बघितलं. ‘बेबी, इथं एवढा उजेड असतो होय?’ ते म्हणाले. ‘मला वाटायचं अंधार असेल.’

हे टेबल, हा दिवा माझ्या रोजच्या कामाचे. आपल्या माणसानं सात महिने ज्याची धास्ती घेतली ती जागा ही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सात महिने मी त्यांना हर्निया काय असतो ते समजावत होते. आत दिवा असतो, हे सांगितलंच नव्हतं.

साहेब बाहेर आले. नागूबाईनं त्यांची तपासणी केली. हात बघितले, पाय बघितले. ‘चाला बगू,’ म्हणाली. ते चालले. ‘वळा.’ ते वळायला लागले, मग गाऊनची आठवण झाली आणि त्यांनी समोरूनच पुरेसं आहे का असं विचारलं.

‘धडकं हाय,’ तिनं निकाल दिला. मग कनवटीची पुडी सोडून चिमूटभर भंडारा काढला आणि कुणी काही म्हणायच्या आत साहेबांच्या कपाळाला लावला. साळवेसरांनी डोळे मिटून घेतले. साहेब म्हणाले, ‘देव तुमचं भलं करो,’ आणि टोपी जरा खाली ओढली.

मला वाटलं, मिटलं. पण म्हाळाप्पामामा खाटेवरून उतरेनात.

‘ह्यास्नी बी संगं येऊ द्या,’ ते म्हणाले, साहेबांकडं बोट करून. ‘बरूबर कोन हाय ते माहीत पायजे, म्हनलं की ह्यांनीच.’

बिराजदार कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. ते मी इथं लिहीत नाही. मग म्हणाले, ‘येऊ द्या. पण डोक्याकडं बसायचं, पडद्याच्या अलीकडं. आणि गाणं म्हणायचं नाही.’

पेशंटच्या छातीवर आम्ही एक पडदा लावतो. पलीकडं सर्जन, अलीकडं मी. माझी जागा पेशंटच्या डोक्यामागं असते. त्या दिवशी माझ्या शेजारी आणखी एक स्टूल आलं आणि साहेब त्यावर बसले, मामांचा हात हातात घेऊन. मामांना मी बसतं केलं, पाठ मांजरासारखी गोल करायला सांगितली, सुई दिली. त्यांना कळलं नाही. ते साहेबांना विचारत होते, तुमच्या दीडशे घरांत खोडीचं कोकरू किती?

‘मोजायला लागलो तर कमिटीपासून सुरुवात करावी लागेल,’ साहेब म्हणाले.

ऑपरेशन चालू झालं आणि मामांना पुन्हा धास्ती वाटली. ‘काय तर म्हना की,’ ते साहेबांना म्हणाले. साहेबांनी बिराजदारांकडं बघितलं. पडद्यामागून आवाज आला, ‘हळू.’ मग साहेब हळू आवाजात एक गीत गुणगुणले. ते झाल्यावर मामांनी धनगरी ओवी धरली, ती मात्र हळू नव्हती. मग पुन्हा साहेब. टाके घालेपर्यंत असं चाललं. शेवटी बिराजदार म्हणाले, ‘मघाचं ते पहिलं परत म्हणा,’ आणि कुठलं पहिलं ते सांगायला ते विसरूनच गेले, म्हणून दोघांनी आपापलं एकदम म्हटलं.

दुपारी साहेबांची पाळी आली. सहा तास नीट होऊन गेले होते, मी स्वतः खात्री केली. त्यांच्यासाठी मी एक सिरिंज भरून ठेवली होती. घाबरलेल्या माणसाला शांत करणारं औषध असतं ते. सकाळची त्यांची नाडी बघून मी ते जरा जास्तच तयारीनं भरलं होतं. खरं सांगायचं तर घाबरले मीच होते. आपल्या माणसाला भूल देऊ नये म्हणतात. मी वडिलांच्या वेळी आयसीयूच्या बाहेरच थांबले होते, आणि आज या माणसाच्या पाठीत सुई घालायची होती.

‘भीती वाटते का, साहेब?’ मी विचारलं.

‘आहे,’ ते म्हणाले. ‘पण ती बाहेर बाकावर बसलीय, साळवेंच्या शेजारी. माझ्याबरोबर आत नाही आली.’

मी पाठीवर औषधाचा बोळा फिरवला. ते समोर बघत बोलत राहिले. ‘इतकी वर्षं लोकांना सांगितलं, मागं बसा. मी स्वतः मागं बसून पण मान बाहेर काढून रस्ता बघत होतो, बेबी. पुढं वळण आहे का, खड्डा आहे का. आज म्हटलं, रस्ता नको बघायला. चालवणाऱ्याकडं बघू.’

‘हलू नका,’ मी म्हणाले.

‘तूही नको बघूस रस्ता,’ ते म्हणाले. ‘सुई बघ.’

सुई नीट गेली. यंत्राची टुकटुक संथ होती. इतकी संथ की मी दोनदा वायर तपासली. मग वाटलं, किती वेळा तपासायचं? ज्याची नाडी आहे तो निवांत आहे. मी स्टुलावर मागं भिंतीला टेकून बसले. ते शांत करणारं औषध द्यायची वेळच आली नाही. सिरिंज तशीच टाकून दिली.

ऑपरेशन सरळ झालं. आतडं अगदी काठावर आलं होतं, असं बिराजदार नंतर म्हणाले. आणखी एखादा सण धरला असता, तर कठीण होतं. चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साळवेसरांनी साहेब सुखरूप असल्याचा फोटो टाकला. घाईत त्यांनी कपाळ बघितलं नाही. त्यावर रात्रीपर्यंत चर्चा चालली, असं कळलं. साहेबांनी एवढंच कळवलं की आशीर्वाद परत करत नसतात.

संध्याकाळी रिकव्हरीत दोघे शेजारी शेजारी होते. दोघांचे पाय अजून बधिर होते. मामा आपल्या पायाला चिमटे काढून ‘ह्यो माजा न्हाई’ म्हणत होते. नागूबाईनं फडक्याची गाठ सोडली. आत भाजलेल्या शेंगा होत्या, घरच्या. पेशंटना अजून खायचं नव्हतं. पाळकीणबाईंनी एक मूठ घेतली आणि विणकाम बाजूला ठेवलं. मग नागूबाईनं उरलेलं सगळं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

मला पुढच्या हॉस्पिटलात जायचं होतं. त्याआधी थोडा वेळ मी तिथंच बसले, माझ्या नेहमीच्या जागी, दोघांच्या डोक्यामागं. मॉनिटर भिंतीकडं होता. बराच वेळ माझं त्याच्याकडं लक्षच गेलं नाही, हे मला उठताना कळलं. मी शेंगा सोलत होते.

‘बेबी, काय आवाज येतोय?’ साहेबांनी मान न वळवता विचारलं.

‘शेंगा खातेय.’

साहेब मामांना म्हणाले, ‘दीडशे कुटुंबांत एकीनं तरी ऐकलं.’

तेव्हापासून माझ्या कामात एकच फरक पडला. भूल देण्याआधी काय खाल्लं ते मी सगळ्यांना विचारतेच. पेशंट पाळक असेल, तर काय उरलं होतं तेही विचारते.